गोदलीवचे तीन सेकंद

मार्चच्या शेवटच्या रविवारी आमच्या ओस्टवेल्डे गावात बाहेरच्या खांबावर नेमबाजी सुरू झाली आणि गोदलीव फेरक्राउसने वीस बाण सोडून एकही पक्षी पाडला नाही. मी मंडळाचा लेखनिक. तिच्या नावापुढे वीस शून्यं मीच मांडली. शेवटची काही मांडताना मी पेन मुद्दाम सावकाश चालवलं, निदान एखादा तरी पक्षी पडेल म्हणून. पण तिचे बाण खांबाच्या आजूबाजूने वर जात होते आणि रिकाम्या हातांनी परतल्यासारखे गवतात पडत होते.

आमचा खेळ उभा आहे. सत्तावीस मीटर उंच खांब, त्याच्या माथ्यावर लोखंडी जाळी, जाळीच्या खिळ्यांवर खोचलेले पिसांचे लाकडी पक्षी. खाली उभं राहून बोथट बाणाने वरचा पक्षी पाडायचा. मान मागे टाकून आभाळाकडे नेम धरायचा असतो, त्यामुळे वय वाढलं की पहिली कुरकुर मानच करते, मग खांदा, मग डोळे. मी स्वतः पासष्टाव्या वर्षी धनुष्य खाली ठेवलं आणि वही हातात घेतली. हात थरथरायला लागला होता. तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण मी थांबल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं, हे मला कळलं होतं.

गोदलीव त्या वर्षी एकाहत्तर वर्षांची होती. ती आणि तिचा नवरा रॉजर यांनी चाळीस वर्षं गावात सायकलींचं दुकान चालवलं. रॉजर गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा आणि काम ही करायची. वाकडं झालेलं चाक सरळ करण्यात तिचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. रॉजर गेला, दुकान बंद झालं, पण रविवारी मंडळात येणं तिने सोडलं नाही. तरुणपणी ती एकदा राणी झाली होती. आमच्याकडे वर्षातून एकदा, जूनच्या शेवटच्या रविवारी, खांबावर एकच पक्षी लावतात. तो जो पाडेल तो वर्षभर राजा, बाई असेल तर राणी.

एप्रिलमध्येही तिचं तेच चाललं होतं. तिसऱ्या रविवारनंतर आमचे अध्यक्ष ओदील यांनी तिला बाजूला बोलावलं. ओदील स्वभावाने चांगला माणूस, कुणाला दुखवायचं म्हटलं की घामाघूम होतो. त्याने तिला सन्माननीय सभासद होण्याबद्दल विचारलं. एक छोटी चांदीची पट्टी, वार्षिक जेवणात मानाची खुर्ची आणि रविवारी माझ्या शेजारी बसून वहीला मदत. गोदलीवने सगळं ऐकून घेतलं, विचार करून सांगते म्हणाली आणि सायकलवर बसून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. तिला काय हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मात्र मी शहाणपणा शिकवायला बसलो. मी तिला सांगितलं की पहिलं वर्ष जड जातं, मग सवय होते. वहीतही मजा असते. लोक आपल्याला बिचारा म्हणायच्या आत आपण थांबलेलं बरं.

तिने कॉफी संपवली आणि कप बाजूला सारला.

"तू थांबलास कारण तुझा हात थरथरत होता," ती म्हणाली. "माझाही थरथरतो. पण चौथ्या सेकंदाला. मी घड्याळ लावून पाहिलंय, फिर्मिन. पहिले तीन सेकंद हात माझा असतो."

"पण तू तर पाच-सहा सेकंद धरून ठेवतेस. आयुष्यभर तसंच करत आलीस."

"तेच चुकतंय," ती म्हणाली.

आपल्या हातून काय निसटलंय हे तिने एखादी बिघडलेली सायकल तपासावी तसं तपासलं होतं. एकेक भाग सुटा करून. चाळीस पौंड जोर लावून ताणायचं धनुष्य ओढताना खांद्यातली कळ मनगटापर्यंत यायची, म्हणजे ते धनुष्य तिला जड झालं होतं. मान पूर्ण मागे जात नव्हती, म्हणून नजर चष्म्याच्या चौकटीवरून निसटत होती आणि वरचा पक्षी तिला चष्म्याविनाच दिसत होता, म्हणजे धड दिसतच नव्हता. जास्त वेळ वर पाहिलं की बोटांना मुंग्या यायच्या. आणि तो चौथा सेकंद. चार दोष, आणि चारांची औषधं वेगवेगळी. हे तिने मला हिशेबी आवाजात सांगितलं. त्यात रडगाणं नव्हतं. मला मात्र उगाच ओशाळल्यासारखं झालं, कारण मी थांबलो तेव्हा असलं काहीच तपासलं नव्हतं.

मग ती कामाला लागली. धनुष्याचा मधला लाकडी भाग तोच ठेवून दोन्ही पाती बदलली आणि ओढ अठ्ठावीस पौंडांवर आणली. अठ्ठावीस म्हणजे आमच्याकडे बारा-तेरा वर्षांच्या मुली वापरतात तेवढी. चष्म्याच्या दुकानातून तिने जुन्या फॅशनची एक भलीमोठी चौकट शोधून काढली आणि त्यात फक्त लांबचं पाहायच्या काचा बसवून घेतल्या. मानेचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिला मान न वाकवता कमरेतून मागे झुकायला शिकवलं. त्यासाठी पाय फाकवून, गुडघे सैल सोडून उभं राहावं लागतं. दिसायला ते फार काही ऐटदार नाही.

सगळ्यात अवघड होतं ते चौथ्या सेकंदाच्या आत बाण सोडणं. पन्नास वर्षांची सवय मोडायची होती. दोरी गालाला टेकली की थांबायचं, श्वास सोडायचा, नेम पुन्हा बघायचा, आणखी एकदा बघायचा, मग सोडायचं, असं तिचं होतं. आता बघायला वेळच नव्हता. रिकाम्या दुकानात गवताची गासडी ठेवून ती रोज सकाळी साठ बाण मारायची, पहिले काही आठवडे तर डोळे मिटून. मी एकदा जाऊन बसलो होतो. ती स्वतःशीच मोठ्याने मोजत होती, एक, दोन, आणि बाण गासडीत. तीन म्हणायची वेळ आली की तोंड वेडंवाकडं करायची आणि धनुष्य खाली घ्यायची. बाण सोडायचीच नाही. त्या सकाळी साठातले बावीस तिने असे मागे घेतले.

मंडळात चेष्टा झालीच. नॉर्बर्ट हा आमचा खाटीक, माणूस तोंडाळ आणि नेमाला पक्का. त्याने धनुष्य पाहून विचारलं, नातीचं आणलंयस का. चष्म्यावरून तिला घुबड म्हणायला सुरुवात झाली. तिचा जावई बावो हासुद्धा हसला, पण तो तिच्या तोंडावर हसला आणि ती त्याला परत बोलली, त्यामुळे ते वेगळं. बावो एकोणीस वर्षांचा असताना तिच्या दुकानात काम मागायला आला होता. काम शिकला, बाण मारायला शिकला आणि तिच्या मुलीशी, ग्रीटशी, लग्नही करून बसला. आता एक्केचाळीस वर्षांचा होता, वायरमनचं काम करायचा आणि सलग दोन वर्षं आमचा राजा होता.

मे महिन्यात तिच्या नावापुढे शून्यांच्या जागी आकडे यायला लागले. आधी एखादा छोटा पक्षी, मग तीन, मग एका रविवारी सात. जूनच्या दुसऱ्या रविवारी तिने जाळीच्या बाजूच्या दांडीवरचा मोठा पक्षी पाडला आणि नॉर्बर्टने तिच्यासाठी बिअर मागवली. पण एक अडचण मला वहीत दिसत होती. तिचा बाण हलका होता. पाहिजे तिथे लागायचा, पण तिथे पोचेपर्यंत त्यातला जोर सरलेला असायचा. राजा ठरवायचा पक्षी मोठा असतो आणि खिळ्यावर घट्ट बसवलेला असतो.

त्याच सुमारास ओदील माझ्याकडे आला. सलग तीन वर्षं जो राजा होतो तो सम्राट होतो, आणि ओस्टवेल्डेने साठ वर्षांत सम्राट पाहिला नव्हता. ओदीलने चांदीचा हार उजळून आणला होता, नगराध्यक्षांना बोलावलं होतं, बॅण्ड ठरवला होता. आता बावोने पक्षी पाडायचा तेवढं उरलं होतं. आणि त्याबाबतीत, ओदील म्हणाला, म्हाताऱ्या मंडळींनी जरा समजूतदारपणा दाखवला तर बरं होईल. कुणी हरायचं नाही, फक्त पक्षी सैल झाला की आपला बाण थोडा बाजूला जाऊ द्यायचा. बावोला यातलं काही सांगायचं नाही. नॉर्बर्ट तयार होता, इतरही बरेच तयार होते. गोदलीवशी तेवढं मी बोलावं.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी गेलो. बोलता बोलता मलाच ते पटत गेलं, की घरातलीच गोष्ट आहे, जावयाचाच मान आहे. गोदलीव चाकाच्या आऱ्यांच्या डब्या आवरत होती. तिने मधे एकदाही मान वर केली नाही. माझं संपल्यावर तिने विचारलं, ग्रीटला हे माहीत आहे का. मी म्हणालो, आहे. ग्रीट आदल्याच दिवशी मला म्हणाली होती की आई मनाला लावून घेणार नाही. गोदलीवने डबी बंद केली आणि मला जायला सांगितलं. रागावून नाही. पण दारापर्यंत आली नाही, ती एरवी येते.

शेवटच्या रविवारी ऊन होतं आणि नैर्ऋत्येचा वारा अधूनमधून उठत होता. एकतीस नेमबाज. राजा पहिला, बाकीच्यांचा क्रम चिठ्ठ्यांनी. गोदलीवचा नंबर सतरावा निघाला. तांबड्या पिसांचा पक्षी खांबाच्या टोकावर बसला होता आणि खाली, परत पडणाऱ्या बाणांपासून बचावासाठी उभारलेल्या जाळीच्या छपराखाली अर्धं गाव जमलं होतं.

पहिल्या फेरीत पाच बाण पक्ष्याला लागले. त्यातला एक गोदलीवचा होता, अगदी छातीवर. टक् असा बारीक आवाज आला, पक्षी शहारला आणि होता तसाच राहिला. छपराखालून कुणीतरी म्हणालं, तिने त्याला कुरवाळलं. लोक हसले. ग्रीट हसली नाही. गोदलीव आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि गवताकडे बघत राहिली. दिवसभर ती तशीच बसायची. बाकीचे सगळे माना वर करून पक्ष्याकडे टक लावून होते आणि दुसरी फेरी संपेपर्यंत त्यांच्या माना अवघडल्या होत्या. ती फक्त वाऱ्याचा अंदाज घेत कडेच्या पॉप्लर झाडांची पानं आणि निशाण बघत होती. वर बघायची ती आपल्या पाळीला, तेवढेच दोन-तीन सेकंद.

तिसऱ्या फेरीची सुरुवात बावोने केली आणि त्याचा बाण असा बसला की पक्ष्याची पिसं उडाली. पक्षी डावीकडे कलला, अर्धा खिळ्यातून सुटला आणि तसाच लोंबत राहिला. लोक ओरडले. आता पुढच्या फेरीत बावोला तो पाडायला फुंकर पुरली असती.

आणि मग चुकायला सुरुवात झाली. दुसरा बाण गजभर बाजूने गेला. तिसरा, चौथा तसेच. नॉर्बर्ट, ज्याचा बाण कधी वीतभरही सरकत नाही, तो दोन गज चुकला आणि खांदे उडवून खाली बसला. मी वहीत नेम चुकल्याच्या खुणा करत होतो आणि माझे कान तापले होते. दहाव्या बाणानंतर बावोच्या लक्षात आलं. तो आधी ओदीलकडे बघत राहिला. ओदीलने बुटाची नाडी बांधायला घेतली. मग बावो सरळ गोदलीवच्या खुर्चीपाशी आला. मी शेजारच्या टेबलावर होतो, मला सगळं ऐकू आलं.

"आई, हे सगळे मुद्दाम चुकवतायत."

"दिसतंय मला."

"तुम्हालाही सांगितलंय?"

"सांगितलंय."

बावोचा चेहरा लाल झाला. "असला सम्राट होऊन मी गावात तोंड कसं दाखवू? नॉर्बर्ट तर मरेपर्यंत ऐकवेल मला."

"तो ऐकवेलच," गोदलीव म्हणाली.

"आणि तुम्ही? तुम्हीही चुकवणार?"

गोदलीवने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "दोन महिने रोज सकाळी मी त्या रिकाम्या दुकानात काय माशा मारत होते?"

बावोला हसू आलं. राग आणि हसू एकदम आलं की माणसाचा चेहरा जसा होतो, तसा झाला. "मग पाडा," तो म्हणाला. "पण पडला नाही तर पुढच्या फेरीत मी सोडणार नाही. सांगून ठेवतो."

"सोडू नकोस," ती म्हणाली. आणखी सहा बाण बाजूने गेले, तिची पाळी आली आणि ती उठली.

धनुष्य घेऊन ती माझ्या टेबलाशी थांबली. माझ्याकडे दुर्बीण असते. पक्षी कसा आहे हे पाळी असलेल्याने विचारलं तर सांगणं हे लेखनिकाचं काम, नियमच तसा आहे. पण त्या दिवशी कुणीच विचारलं नव्हतं.

"फिर्मिन, शेपटी कुठे आहे?"

ओदील माझ्या मागेच उभा होता. त्याचा श्वास मला मानेवर जाणवत होता. मी दुर्बीण लावली. पक्ष्याचं डोकं खिळ्याला टेकलं होतं, तिथे बाण लागला असता तर पक्षी उलट आत बसला असता. शेपटीखाली मात्र लाकूड उघडं पडलं होतं, काडेपेटीएवढं.

"डोकं डावीकडे, खिळ्यावर दाबलेलं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "शेपटी उजवीकडे उचललेली. तिच्याखाली जागा आहे."

 मी मागे वळून पाहिलं नाही.

ती खांबाखाली गेली. पाय फाकवले, गुडघे सैल सोडले आणि पॉप्लरकडे बघत उभी राहिली. पानं सळसळत होती. ती थांबली. इतका वेळ थांबली की छपराखाली कुजबुज सुरू झाली. मग पानं स्थिर झाली आणि ती कमरेतून मागे झुकली, तो मोठा चष्मा उन्हात चमकला, दोरी गालाला लागली. मी मनात मोजत होतो. एक. दोन. वाऱ्याची झुळूक आली आणि तिने दोरी सैल करून धनुष्य खाली घेतलं.

कुणीतरी जोराने श्वास सोडला. नॉर्बर्ट पुटपुटला की दमली ती. पण ती दमली नव्हती. हात झटकून तिने पुन्हा झाडांकडे पाहिलं. यावेळी फार थांबली नाही. झुकली, ओढली, एक, दोन, आणि बाण सुटला.

हलका बाण वर जाताना डोळ्यांना दिसतो. तो सरळ, सावकाश वर चढत गेला आणि शेपटीखालच्या उघड्या लाकडावर लागला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. पक्षी उचलला गेला, खिळ्यावर एकदा गर्रकन फिरला आणि सुटला. पिसांमुळे तो गिरक्या घेत खाली यायला लागला तेव्हा तो पडतोय हे लोकांना क्षणभर खरंच वाटलं नाही. बावोला सगळ्यात आधी कळलं. बाण खाली पडायच्या आतच तो छपराबाहेर धावला, जे करायचं नसतं, आणि पक्षी जमिनीवर टेकला तसा उचलून त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

"राणी," तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. "ओदील, राणी लिहून घ्या."

मग जो गलका झाला तो मी वर्णन करू शकणार नाही. नगराध्यक्ष टाळ्या वाजवत होते आणि शेजाऱ्याला काय झालं ते विचारत होते. बॅण्डने सम्राटासाठी बसवलेली धून वाजवायला घेतली, कारण त्यांची दुसरी तयारीच नव्हती. ग्रीट आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि मधेच तिला रागावत होती की मला एक शब्द सांगितला नाहीस. गोदलीव तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा हात आता चांगलाच थरथरत होता आणि तिला त्याचं काही नव्हतं.

केकवर साखरेच्या अक्षरांत 'सम्राट बावो' लिहिलेलं होतं. नॉर्बर्टने खिशातून सुरी काढून ती अक्षरं खरवडली आणि खाऊन टाकली.

"सोळा बाण आम्ही चुकवले," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "आणि पक्षी राखून ठेवला तो हिच्यासाठी."

"पंधरा," मी म्हणालो. माझ्याकडे वही होती. "सोळातला पहिला बाण बावोचा, आणि तो लागला होता."

ओदीलने भाषणाचा कागद खिशात ठेवला. हार घेऊन तो गोदलीवसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. तो म्हणाला की त्याचं चुकलं, आणि हे त्याने हळू आवाजात नाही, सगळ्यांसमोर सांगितलं. गोदलीवने त्याला पुरतं बोलू दिलं. मग हार घालून घेण्यासाठी ती कमरेतून वाकली.

तो हार दोन किलोचा आहे. गेल्या दोनशे वर्षांतल्या प्रत्येक राजाची पट्टी त्यात ओवलेली आहे. मान दुखेल, मिरवणुकीपुरता काढून हातात धरा, असं तिला तिघांनी सांगितलं. ग्रीटने गाडी आणायला माणूस पाठवला. गोदलीवने दोन्ही गोष्टींना नकार दिला. मैदानापासून चर्चपर्यंत आणि चर्चपासून खानावळीपर्यंत ती बॅण्डच्या पुढे चालत गेली, त्या घुबडाच्या चष्म्यासकट. शेजारी बावो तिचं अठ्ठावीस पौंडांचं धनुष्य खांद्यावर घेऊन चालला होता. चौकात मंडळातल्या दोन पोरी त्याला चिडवायला लागल्या की आमच्याएवढं धनुष्य घेऊन कुठे चाललात. त्याने सांगितलं, हे राणीसाहेबांचं आहे, नीट बोला.

मी मागे राहिलो होतो. वही पुरी करायची होती. आमच्याकडे राजाचा पक्षी पाडणाऱ्याच्या नावापुढे वय लिहितात. मी जुनी पानं चाळून पाहिली. तोवर सगळ्यात मोठं वय त्रेसष्ट होतं, एका गिरणीवाल्याचं, माझ्या जन्माच्याही आधीचं. मी तिचं नाव लिहिलं, पुढे एकाहत्तर लिहिलं, शाई वाळू दिली आणि वही काखेत मारून मिरवणूक गाठायला निघालो. बॅण्ड तोवर पुलापलीकडे गेला होता. मला बरंच भरभर चालावं लागलं.